खांब जागेवर, रंग दिला

बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, अंगात वनरक्षकाचा गणवेश होता आणि समोर आमचे साहेब बसले होते.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बाबा तीन वर्षं टेकडीवर गेले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा झऱ्यापर्यंत चालत गेले आणि तसेच तडक, घामाघूम, कार्यालयात आले. त्याच कार्यालयात त्यांनी पस्तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केली होती, त्यामुळे आत यायला त्यांना कोणाची परवानगी लागत नसे. बसलेही नाहीत. म्हणाले, "हद्दीची नोंदवही काढ."

मी काढली. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "खांब एक्केचाळीस, जागेवर, रंग दिला. बेचाळीस, जागेवर, रंग दिला. त्रेचाळीस, जागेवर, रंग दिला. ही सही कोणाची?"

"माझी."

"मागच्या वर्षीची?"

"माझीच. झालं काय एवढं?"

माझा आवाज चढला होता. राग आमच्या घरात सगळ्यांच्याच नाकावर असतो, माझ्या जरा जास्तच. त्यांनी कानाखाली अशी वाजवली की माझी टोपी साहेबांच्या टेबलावर जाऊन पडली. साहेब भले माणूस, खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकले.

"झरा खांबाच्या बाहेर गेलाय," बाबा म्हणाले. "खाली होता खांब. आता झऱ्याच्या वर आहे. आणि त्याला चुना लावून, त्यावर लाल नंबर घालून, खाली सही करून आलीयेस तू. तीन वर्षं."

यात माझी चूक काय, ते आमचं काम माहीत असल्याशिवाय कळणार नाही. आमच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीवर चौसष्ट दगडी खांब आहेत. दरवर्षी उन्हाळ्याआधी ज्याने-त्याने आपल्या वाट्याच्या हद्दीवर चालत जायचं, खांबाभोवतीचं गवत काढायचं, चुना लावायचा, नंबर ठळक करायचा आणि वहीत लिहायचं. आम्ही खांब शोधतो ते त्याच्या पांढऱ्या रंगावरून. पांढरं दिसलं की तिकडे वळायचं. खांब हलू शकतो हे वनरक्षकाच्या डोक्यातच येत नाही. झाडं पडतात, ओढे वळतात, साहेबांच्या बदल्या होतात. खांब मात्र असतो तिथेच असतो. पलीकडच्या दगडखाणीच्या मालकाने नेमकं हेच ओळखलं होतं. दर पावसाळ्यात, आमचं तिकडे फिरणं बंद असताना, त्याने ते तीन खांब सत्तर-ऐंशी पावलं वर सरकवले. तीन पावसाळ्यांत सगळा उतार गेला. चोराने माल उचलला आणि पावती मी फाडून दिली.

आणि खांब उचलायला जे मशीन लागतं, ते त्या खाणीत एकच माणूस चालवत होता. माझा सख्खा मोठा भाऊ.

साहेबांनी हळूच सांगितलं की गुरुवारी अकरा वाजता संयुक्त मोजणी आहे. खाणीने त्या उतारासाठी अर्ज केला होता. मोजणीदार येणार, खांब जिथे आहेत तिथून रेघ ओढणार आणि ती रेघ नकाशावर कायमची बसणार. "आपण हरकत घेऊ, पण पुरावा काय दाखवायचा? वहीत तर आपलीच सही आहे," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

"पुरावा जमिनीत आहे," बाबा म्हणाले.

जुन्या काळी हद्दीचा खांब बसवताना त्याच्याखाली कमरेइतका खड्डा खणून दोन घमेली लाकडी कोळसा पुरत. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं नाहीतर चोरीला जातं, दगड हलवता येतो. कोळशाला शंभर वर्षं काही होत नाही, आणि तो कोणी चोरतही नाही, कारण तो तिथे आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. हे तीन खांब बाबांनी उमेदवारीच्या काळात स्वतःच्या हाताने बसवले होते. आम्ही नवीन लोक सिमेंट ओततो. बाबा कोळशाची गोष्ट सांगायला लागले की मी "झालं सुरू" म्हणून उठून जायची.

रात्रीच्या जेवणाला आम्ही चौघं होतो. दादा कामावरून आला होता, केसांत दगडाची पांढरी भुकटी. आईने ताटं वाढली. बाबा दादाशी एक शब्द बोलले नाहीत, पण त्याला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "गुरुवारी मोजणीदारासमोर तिन्ही जागी खणायचं. कोळसा निघाला की कळेल खांब कोणी उचलले."

दादाचा घास हातातच राहिला. "मला जे सांगतात ते मी उचलतो," तो म्हणाला. "आणि ती टेकडी काय तुमच्या वडिलांची आहे?"

"नाही," बाबा म्हणाले. "म्हणूनच राखतोय."

दादा ताटावरून उठून गेला. तसा तो वाईट नव्हता. मशीनवर त्याचा हात असा होता की बकेटच्या दाताने जमिनीवरची काडेपेटी उचलून तो लोकांच्या हातात द्यायचा, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की लाजायचा. घरात त्याचं कौतुक कधी झालं नाही. खाणीत व्हायचं.

त्या उतारावर काय आहे म्हणून एवढा जीव काढायचा, असं पुष्कळ जण विचारतात. खरं सांगायचं तर बघण्यासारखं फार नाही. वाघ नाही, किल्ला नाही. एक झरा आहे, चाळीसेक जुनी झाडं आहेत, बसायला सपाट दगड आहेत. रात्रपाळी संपवून एक नर्स तिथे यायची आणि पाण्यात पाय सोडून झोपायची, बसल्या बसल्या. बेकरीवाला बायकोशी भांडण झालं की यायचा, म्हणजे जवळजवळ रोजच. पक्षी बघायला आलोय म्हणून सांगणारी जोडपी यायची. त्यांना एकही पक्षी ओळखता यायचा नाही. कोणाला तिकीट नाही, कोणी "तुम्ही कोण" विचारत नाही. अख्ख्या शहरात पैसे न देता दिवसभर बसता येईल अशी ती एकच जागा उरली होती. मी त्या सगळ्यांच्या वाटची राखणदार होते आणि मी ती जागा चुना लावून देऊन टाकली होती. त्या दोन दिवसांत मला झोप आली नाही. स्वतःचाच एवढा राग आला होता की तो कोणावर तरी काढल्याशिवाय सुटका नव्हती.

गुरुवारी सकाळी सातला बाबा आणि मी वर गेलो. अकरापर्यंत थांबायचा बाबांना धीर नव्हता. "आधी जागा पक्क्या करून ठेवू, ऐनवेळी शोधाशोध नको," म्हणाले. कुदळ, फावडं, आणि माझ्याकडे खांबावर नंबर कोरायचा दोन किलोचा हातोडा. त्रेचाळीस नंबरच्या मूळ जागी तासाभरात कोळसा लागला. काळा कुळकुळीत, काल पुरल्यासारखा. बाबांनी एक तुकडा उचलून माझ्या गालावर रेघ ओढली, जिथे चापट बसली होती तिथेच, आणि हसले. बेचाळीसलाही लागला. एक्केचाळीसचा खड्डा मांडीइतका झाला होता, तेवढ्यात खालून मशीनचा आवाज आला.

पुढे मालक, मागे त्याची चार माणसं, त्यांच्या मागे दादाचं पोकलेन, बकेटमध्ये मुरूम भरलेला. कोळशाची गोष्ट दादानेच मालकाला सांगितली होती, हे मला तिथे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं.

"काय बागकाम चाललंय का सकाळी सकाळी?" मालक म्हणाला. तो नेहमी असंच बोलायचा, गोड. "आजोबा, वर या. खड्ड्यात पडाल, वयाला शोभत नाही."

"अकरा वाजता मोजणीदार येतोय," मी म्हणाले. "तोवर इथे कोणी पाऊल टाकायचं नाही. ही उद्यानाची हद्द आहे."

"हद्द तर तिकडे वर आहे. तुम्हीच रंगवलीय, ताई. सुंदर रंगवता."

त्याची माणसं हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एक जण बाबांच्या दंडाला धरून ओढायला लागला, बाबांनी फावड्याने त्याच्या नडगीवर मारलं. दुसऱ्याने तेच फावडं हिसकावलं आणि त्याचा दांडा बाबांच्या डोक्यात घातला. ठक्कन आवाज झाला. बाबांच्या कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलं. मी त्या माणसाच्या तोंडावर हातोडा मारला. त्याचा जबडा एका बाजूला गेला आणि तो दात थुंकत खाली बसला. तिसऱ्याने मला मागून केसांना धरून आडवं पाडलं आणि बरगडीत लाथा घातल्या, एक, दोन, तीन. मी त्याच्या पोटरीचा असा चावा घेतला की तोंडात कापड आणि कातडी दोन्ही आली. तो ओरडत बाजूला झाला. मला भीती वाटत नव्हती. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

तेवढ्यात बाबांनी काय करावं? ते त्या अर्ध्या खणलेल्या खड्ड्यात उतरले आणि मांडी घालून बसले. सगळं तोंड रक्ताने माखलेलं.

"भर खड्डा," मालक दादाला ओरडला. आता गोडवा संपला होता. "भर म्हणतो ना! उठेल म्हातारा आपोआप."

मशीन पुढे आलं. बकेट उचलली गेली, वळली, बाबांच्या डोक्यावर येऊन थांबली. दातांमधून खडे टपटप पडत होते, बाबांच्या खांद्यावर, मांडीवर.

"टाक," बाबा म्हणाले. "बघतोस काय? टाक."

बकेट हलत नव्हती. मी उठले, साखळीवर पाय देऊन केबिनपर्यंत चढले आणि दार उघडलं. दादाचा उजवा हात दांडीवर होता, डाव्या हाताने तो काचेतून बाबांना खुणा करत होता, बाजूला व्हा, बाजूला व्हा. माझ्याकडे मान न वळवता तो म्हणाला, "थांब, पलीकडे टाकतोय."

मला ते ऐकू आलं. हे मी नीट सांगते, कारण नंतर सगळ्यांनी मला समजावलं की त्या आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. पण हातोडा वर गेलेला होता, आणि ज्याने खांब उचलले तो हात समोर होता. मी मारला.

हाडं मोडल्याचा आवाज आला. हात दांडीसकट पुढे गेला आणि बकेट खाली आदळली.

दादाने त्याच मोडक्या हाताने दांडी मागे ओढली. बोटं नको तिकडे वळलेली, तरी ओढली. बकेट वर गेली. तो उडी मारून खड्ड्याकडे धावला आणि हाताने मुरूम उपसायला लागला. मीही उपसायला लागले. मालक आणि त्याची माणसं कधी पळाली ते मला माहीत नाही. बाबांची छाती राहिली नव्हती. डोळे उघडे होते, त्यांत माती होती. दादा त्यांच्या डोळ्यांतली माती बोटाने काढत बसला, जणू ती निघाली की ते बघायला लागतील. मी किंचाळत होते असं तो नंतर म्हणाला. मला फक्त त्याचा आवाज आठवतो. "बाबा, पलीकडेच टाकत होतो. बाबा, पलीकडेच."

आम्ही त्यांना उचललं तेव्हा खाली, बकेटच्या दातांनी चिरलेल्या मातीत, काळं दिसलं.

मोजणीदार अकराला आला. तरुण मुलगा, समोरचं बघून झाडामागे जाऊन ओकला. पोलीस आले, बाबांना नेलं, दादाला नेलं. मग त्या मुलाने तोंड धुऊन तिपाई उभी केली. साहेब म्हणाले, आज राहू दे. तो म्हणाला, आज नाही मोजलं तर उद्या इथे काही शिल्लक ठेवतील का? त्याने कोळशाच्या तिन्ही जागा मोजल्या. जुन्या नकाशाला वीतभराचाही फरक आला नाही. झरा आत आला, झाडं आत आली. सरकवलेल्या खांबाला मी टेकून उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, तो कुठे शोधायचा तेच कळत नव्हतं.

दुपारी चौकीत माझा जबाब टाइप होऊन तयार होता. प्रत्यक्षदर्शी म्हणून. मालकाच्या हुकमावरून मशीनचालकाने वडिलांच्या अंगावर बकेट सोडली, असं त्यात होतं. फिर्यादीच्या कागदात माझ्या हातोड्याचा उल्लेखच नव्हता.

"तुझ्या भावाने स्वतःच कबूल केलंय," साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले. "तू सही केलीस की मालक खुनात अडकतो, खाणीचा परवाना कायमचा जातो. नाहीतर तीन महिन्यांत तो टेकडीच्या दुसऱ्या अंगाने खणायला लागेल. उरलेलं जंगल वाचवायचंय ना तुला? तुझ्या बाबांसाठी तरी कर."

मी दादाला भेटायला मागितलं. तो कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता, हात फळीला बांधलेला.

"तू पलीकडे टाकत होतास," मी म्हणाले.

"सही कर आणि घरी जा. आई एकटी आहे."

"मी ऐकलं होतं, दादा. मारायच्या आधी ऐकलं होतं."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मालकाला कोळशाचं कोणी सांगितलं? मी. मशीन तिथे कोणी नेलं? मी. मग बकेट कोणामुळे पडली याचा कशाला कीस पाडतेस? एवढ्या सह्या केल्यास न बघता. ही एक बघून कर."

कागद घेऊन मी घरी आले. बायका जमल्या होत्या, आई ओट्यापाशी उभी होती, कारण बसलं की लोक सांत्वन करतात आणि तिला ते नको होतं. तिने मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, "त्याने टाकली?"

मला सांगता आलं असतं, हो म्हणून. त्याने कबूलच केलं होतं. मालक आत गेला असता, टेकडीच्या दोन्ही बाजू वाचल्या असत्या, आणि मी दरवर्षी झऱ्यावर जाऊन बाबांच्या नावाने रडले असते. पण आईला मग जन्मभर वाटलं असतं की आपल्या पोराने आपल्या नवऱ्याला मारलं. तो तुरुंगातून सुटून आला असता तरी तिने त्याला वाढलं असतं, आणि मान वर केली नसती.

"नाही," मी म्हणाले. "त्याने वर धरली होती. मी हातावर मारलं."

बराच वेळ आई माझ्या गालावरची काळी रेघ बघत होती, अजून पुसली गेली नव्हती ती. मग तिने कपाटातून स्वच्छ ओढणी काढून खांद्यावर घेतली, चपला घातल्या आणि बाहेर जमलेल्या बायकांना सांगितलं, "आम्ही येतो जाऊन."

चौकीत मी सांगत गेले आणि अंमलदार लिहीत गेला. साहेबांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, मग कपाळाला हात लावून बाहेर निघून गेले. त्यांचंही खोटं नव्हतं. मालक यातून निम्मा तरी सुटणार होता आणि पलीकडच्या अंगाने त्याची मशीनं येणार होती. पुढच्या वेळी तिथे हद्दीवर उभी राहणारी मी नसणार होते.

लिहून झाल्यावर अंमलदाराने कागद माझ्याकडे सरकवला. मी पेन उचललं.

"वाच आधी," आई म्हणाली.

मी मनात वाचायला लागले.

"मोठ्याने. मला ऐकायचंय."

मी वाचलं. माझं नाव, वय, हुद्दा. खांबांचं वाचलं, वहीतल्या सह्यांचं वाचलं. "चालकाने मला थांब, पलीकडे टाकतोय असे सांगितले व ते मी ऐकले. त्यानंतर मी माझ्या हातातील हातोडा त्याच्या उजव्या हातावर मारला. त्यामुळे बकेट खाली येऊन माझे वडील..."

मी थांबले. अंमलदार खाली बघत होता. आतल्या कोठडीत दादाला सगळं ऐकू जात होतं.

"पुढे," आई म्हणाली. तिने माझा हात धरला होता, हातोड्याचा हात, आणि घट्ट धरला होता. "पुढे वाच, बाळा."